माझ्या तोंडचं इटालियन

मामा, तू गेल्यापासून दारात येईल तो माणूस तुझ्याबद्दल चांगलंच बोलतोय. कचेरीतले आले, तालमीतले आले, गडमुडशिंगीची भावकी आली. टेकले की सुरू. काय माणूस होता, काय बोलायचा, तो बसला असला की दुसऱ्याला तोंड उघडायची गरजच नसायची. मी त्यांच्यापुढं पाण्याचे तांबे ठेवते आणि ऐकते. दुसऱ्याला तोंड उघडायची गरज नसायची, हे त्यांना कौतुकाचं वाटतं. वाटू दे. त्यांना कधी तुझ्या शेजारी बसून काही सांगायचं नव्हतं.

आई म्हणते, शकू, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नकोस. मामा, तू जिवंतपणी ठेवू दिली असतीस तर आता कशाला ठेवली असती? तुझ्याशी भांडायला बसलं की पहिलं वाक्य माझं आणि पुढची सगळी तुझी. माझी बाजूसुद्धा तूच मांडायचास. "तू म्हणशील, मामा, असं कसं? तर ऐक." मी काय म्हणणार ते सांगून वर त्याचं उत्तरही देऊन टाकायचास. मग मी उठून भांडी घासायला जायची. आता तुला मधे बोलता येत नाही. म्हणून आज सगळं एका दमात बोलून घेते.

चांगलं आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढं भांडायला मोकळी. वडील गेले तेव्हा मी परकरातली पोर होते. आई मला घेऊन तुझ्या घरी आली तेव्हा तू लढाईवर होतास, मामीनं आम्हाला आत घेतलं. तू परत आलास, सोप्यात आमच्या वळकट्या बघितल्यास आणि विचारलंस ते एवढंच, की पोरगी शाळेत जाती का. त्यानंतर त्या घरात आम्ही उपरे आहोत असं एकदाही कुणी म्हटलं नाही. मला ड्रॉइंगच्या शाळेत घातलंस. पोरगी माती कालवते, पुतळे करते म्हणून हसणाऱ्या गल्लीला गप्प केलंस. हे सगळं खरं आहे आणि मी ते कधी नाकारणार नाही. आता ऐक.

इटालियन तू मला शिकवलंस ते माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी. वाळवंटात तुमची पलटण पकडली गेली, तुम्हाला जहाजात घालून इटलीत नेलं, तिथल्या छावणीतून एक दिवस पहारेकरीच पळून गेले आणि तू डोंगरातल्या एका शेतकऱ्याच्या घरी लपून राहिलास. त्या घरातल्या म्हातारीनं तुला बोलायला शिकवलं आणि गावच्या शाळामास्तरनं व्याकरण. मास्तर गोठ्यात यायचा, वैरणीवर बसायचा आणि तुझ्याकडून क्रियापदं घोकून घ्यायचा. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की ती म्हातारी मला माझीच कुणी पणजी वाटते. परत आलास ते डोकं भरून भाषा घेऊन, आणि कोल्हापुरात ती बोलायला कुणी नाही. म्हशीची धार काढताना तू तिच्याशी इटालियन बोलायचास, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग एकदा जेवताना मी बोलून गेले, की ब्राँझचं ओतकाम शिकावं तर इटलीत, असं आमचे सर म्हणतात. तू हात धुतलेस, बाहेर गेलास आणि पाटी घेऊन आलास. त्या दिवशी म्हैस सुटली आणि मी सापडले.

सुरुवात अक्षरांपासून. रोमन सी पुढं इ किंवा ए आला की त्याचा च होतो, आणि मधे एच घुसला की परत क, हे तू मला सोप्यात फेऱ्या मारत समजावलंस. जोडाक्षर दाबून म्हणायचं, नाहीतर अर्थ बदलतो. पाला म्हणजे फावडं आणि पाल्ला म्हणजे चेंडू. "दाब, दाब, कोल्हापूरची हायस, तोंडात पाव धरल्यागत बोलू नको," म्हणायचास. शेजारची माणसं खिडकीतून बघायची. त्यांना ऐकू जावं म्हणूनच तू मला मोठ्यानं म्हणायला लावायचास, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग लिंग. आपल्याकडं तीन, त्यांच्याकडं दोनच. तो आणि ती. शब्दाच्या शेवटी ओ असला की बहुतेक तो, आ असला की बहुतेक ती. लीब्रो म्हणजे पुस्तक, तो. कासा म्हणजे घर, ती. घराला ती म्हणायला माझी जीभ वळेना, तर तू म्हणालास, घर बाईचंच असतंय की, त्यात काय अवघड. मामी आतनं म्हणाली, "व्हय, झाडून काढायला." नामाच्या आधी इल नाहीतर ला लावायचं असतं, तसलं काही आपल्यात नाहीच, त्यामुळं मी रोज विसरायची आणि तू रोज पाटीवर पेन्सिल आपटायचास. मग तू मला हाताची गंमत सांगितलीस. मानो म्हणजे हात. शेवटी ओ आहे, पण आहे ती. ला मानो. नियमाला न जुमानणारा शब्द. मला तो फार आवडला. माझे हात त्या वेळी कोपरापर्यंत मातीत होते, आणि मी दिवसभर तो शब्द म्हणत काम करत होते.

आवडलं हे ते लोक थेट आपल्यासारखं म्हणतात. मी प्याचे, त्यांचं मी म्हणजे आपलं मला. मला आवडतं. आवडणारी वस्तू कर्ता, आणि आपण नुसते बाजूला उभे. इंग्रजीत तसं नाही, तिथं आवडून घेणारा साहेबच कर्ता, असं म्हणून तू मांडीवर थाप मारली होतीस. आणि आदरानं बोलायचं तर समोरच्याला लेई म्हणायचं, म्हणजे चक्क ती. मामलेदार असला तरी ती. तुझ्या कचेरीतल्या मामलेदाराच्या मिशा आठवून आपण दोघं पोट धरून हसलो होतो, आणि आई माळ हातात घेऊन विचारत होती, काय झालं, मला सांगा की. ते हसणं आठवलं की मला अजून राग येतो, कारण तेव्हा तू मला फार आवडत होतास.

दिवेलागणीला शुभं करोति झालं की आपली क्रियापदं सुरू. इओ सोनो, तू सेई, लुई ए. मी आहे, तू आहेस, तो आहे. नोई सियामो, वोई सिएते, लोरो सोनो. एका चालीत, एका दमात. आईला ते एखादं स्तोत्रच वाटायचं, ती डोळे मिटून मान डोलवायची. हे घोकणं मला जमायचं, कारण ते आपण बरोबर म्हणायचो आणि त्यात तुला पुढं पळता येत नव्हतं.

वाक्य आलं की पंचाईत. त्यांच्यात भूक लागत नाही, भूक जवळ असते. ओ फामे, माझ्याकडं भूक आहे. मी "ओ" म्हणून पुढचा शब्द आठवायला थांबले की तू "फामे" म्हणून मोकळा. बरं, अडले म्हणून सांगितलंस म्हणावं, तर न अडतासुद्धा तेच. मी वाक्य सुरू करायची, अर्ध्यात यायची, आणि तू ते माझ्या तोंडातून काढून घेऊन शेवटाला न्यायचास. वर खूश व्हायचास, की बघ, कसं छान झालं वाक्य. एकदा मी चिडून म्हटलं, मामा, मला एकदा तरी शेवटापर्यंत जाऊ दे. तू म्हणालास, जा की, मी कुठं धरलंय? आणि पुढचं वाक्य पुन्हा तूच संपवलंस. तुला त्यात काही वावगं दिसलंच नाही. मला वाटायचं, शिकवणारे असेच असतात.

आणि तुझा तो दुसरा धंदा. गल्लीत कुणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की सकाळीच तुला बोलावणं. मुलीच्या बाजूनं बोलायला तुझ्यासारखा माणूस अख्ख्या पेठेत नाही म्हणायचे. मुलगी पाटावर, पदर डोक्यावर, नजर खाली. पाव्हणं विचारणार, नाव काय? ती नाव सांगणार. तेवढाच तिचा वाटा. पुढं स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, इयत्ता कितवी, सगळ्याला उत्तर तुझं. "करती की. येतंय की. लाजती जरा." लाजती जरा म्हटलं की पाव्हणं खूश, कारण पोरगी बोलली नाही म्हणजे ती चांगल्या वळणाची. तू फेटा नीट करून परत यायचास आणि मामीला सांगायचास, जमवून टाकलं. कितीतरी घरांत तुझ्या बोलण्यावर अक्षता पडल्या असतील. त्या पोरी पाटावर बसून काय म्हणणार होत्या, हे कुणालाच कधी कळलं नाही.

मग इटलीच्या सरकारची शिष्यवृत्ती निघाली. मूर्तिकाराला तिकडं नेऊन ओतकाम शिकवणार, आणि भाषा येत असेल त्याला आधी घेणार. सर म्हणाले, शकुंतला, हे तुझ्यासाठीच काढलंय म्हणून समज. मी केलेल्या मामीच्या मस्तकाचे फोटो पाठवले आणि मुंबईला मुलाखतीचं बोलावणं आलं. मला त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं, मामा. जेवण गोड लागत नव्हतं. मातीचं काम इथं कुणीही शिकवील, पण मेणाची मूर्ती करून तिच्याभोवती साचा बांधायचा, मेण वितळवून त्या जागी धातू ओतायचा, हे मला माझ्या हातानं करायचं होतं, आणि तिथं जायचा तोच एक रस्ता होता. तू मला नृसिंहवाडीला घेऊन गेलास. दत्ताला नारळ ठेवलास आणि घाटावर उभा राहून भूतकाळाची रूपं विचारलीस. गेलेली बाई असेल तर आंदाता, पुरुष असेल तर आंदातो. "मामीसारखं बाई असून 'मी देवळाला गेलतो' म्हटलेलं तिथं चालायचं न्हाय," म्हणालास. मला सगळं येत होतं. एकही रूप चुकलं नाही. ते तुझंच श्रेय आहे आणि म्हणूनच माझा जास्त संताप होतो.

एकटी पोरगी मुंबईला कशी धाडायची, म्हणून तू बरोबर आलास. पलटणीतला कोट घातलास, मिशीला तेल लावलंस. वकिलातीतल्या शिपायानं नाव पुकारलं ते माझं, आणि उठलास तू. दारातून आत गेलास तेही माझ्याआधी. आत एक चष्मेवाले साहेब होते आणि लिहून घ्यायला एक बाई. खुर्ची मांडली होती एक. ते दुसरी आणायला सांगेपर्यंत तू बसलाही होतास.

"कोमे सी क्यामा, सिन्योरीना?" साहेबांनी विचारलं. बाई, आपलं नाव काय? आपल्याकडंही पहिला प्रश्न हाच असतो. मी तोंड उघडलं, आणि तू सांगितलंस, "सी क्यामा शकुंतला."

नावसुद्धा, मामा. पाटावर बसलेल्या पोरीला निदान नाव सांगू देतात.

पुढं त्यांनी विचारलं, इटलीतच का शिकायचंय. याचं उत्तर मी घरातनं तयार करून नेलं होतं, रोज आंघोळ करताना म्हणत होते. तू सुरू झालास. वाळवंट, जहाज, छावणी, डोंगर, म्हातारी, मास्तर. तुला कित्येक वर्षांनी खरी इटालियन माणसं भेटली होती, ते मी समजू शकते. पण ती मुलाखत माझी होती. साहेब हसायला लागले, बाईंनी पेन खाली ठेवलं. तू उठून मास्तर वैरणीवर कसा बसायचा ते करून दाखवलंस. कॉफी आली. मधेच साहेब माझ्याकडं वळले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, तुम्ही मेणात काम केलंय का? मला प्रश्न कळला. उत्तर जिभेवर होतं. पण घरातला वडील माणूस बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हे मला जन्मापासून शिकवलेलं. तू श्वास घ्यायला थांबशील तेव्हा बोलू, म्हणून मी खाली बघून थांबले. तू माझ्याकडं बघितलंस, त्यांच्याकडं बघितलंस आणि हसून म्हणालास, "ए तीमिदा, सिन्योरे."

लाजती जरा, साहेब.

मी लाजत नव्हते. तू थांबायची वाट बघत होते.

येताना पुण्याला गाडी बदलायच्या वेळी तू पेढे घेतलेस. सगळ्या डब्याला सांगत आलास, साहेबानं उठून हात मिळवला, कॉफी पाजली. मी खिडकीकडं तोंड करून बसले होते आणि तुला वाटलं, पोरगी दमली. पुढं सरांकडं नकार कळला. सर सांगताना अडखळत होते. उमेदवाराच्या मामांचं इटालियन उत्तम आहे, उमेदवाराचं ऐकायला मिळालं नाही, असा तिथला अभिप्राय होता. दुसऱ्याच कुणाला पाठवलं.

त्या दिवशी मी घरी येऊन तुझ्यापुढं उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा तुझ्यावर ओरडले. तू हातातला पानाचा डबा खाली ठेवलास. तुला खरंच कळत नव्हतं मी कशाबद्दल बोलतेय. "काय वाईट बोललो मी? व्याकरणाची एक तरी चूक झाली का माझी?" नव्हती झाली. तू निर्दोष बोललास. ते ऐकून मी आत गेले ती पुन्हा पाटीला शिवलेच नाही.

मग वर्षानुवर्षं आपला तो खेळ. रोज सकाळी तू म्हणणार, "बुओन्जोर्नो, शकू," आणि मी म्हणणार, चहा ठेवलाय. तू कधी कधी मुद्दाम चुकीचं रूप म्हणायचास, मी दुरुस्त करीन म्हणून. मी नाही केलं. मुलींच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले, सुट्टीत पुतळे करत राहिले. इटालियन सोडलं नव्हतं, एवढं तुला माहीत नव्हतं. माती मळताना मी एकटी बोलायची. पहिलं वाक्य मी, शेवटचंही मीच. तुला ऐकू द्यायचं नाही, हाच त्यातला निम्मा आनंद.

मग तू कागलचं स्थळ आणलंस. मला पाटावर बसवलंस, स्वतः पुढं सरसावून बसलास. पाहुण्यांनी नाव विचारलं, ते मी सांगितलं. स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं, तेही मीच सांगितलं, की बरा येतो, भाकरी कधी कधी करपते. पुतळे करायचं सोडणार नाही म्हटलं. तुमचा मुलगा दिवसभर काय करतो, म्हणून विचारलं. पोहे अर्धे टाकून पाव्हणं उठले. ते गेल्यावर तू तांबडालाल झालास. "हितं बरं तोंड सुटलं तुझं. तिथं मुंबईत काय मी शिवलं हुतं का?"

आई रडत होती. मामी कपबशा गोळा करत होती. तेवढं एक वाक्य तू असं मारलंस की कितीतरी दिवस ते माझ्या डोक्यातून जाईना. तू ते विसरून गेलास, संध्याकाळी मला गरम जिलेबीसुद्धा आणलीस. मी ती खाल्ली, पण तुला माफ केलं नाही. त्याचं उत्तर आज देते. हो. तूच शिवलंस. एका दिवसात नाही. रोज दिवेलागणीला, माझं एकेक वाक्य अर्ध्यातून ओढून घेत शिवलंस. बोलायला शिकवणाऱ्यानंच हे केलं, म्हणून ते मला लवकर कळलं नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिथल्या तिथं त्याला धुतला असता.

शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात तुला बोलवत नव्हतं. दोन शब्दांत दम लागायचा. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून, झोप लागते का, आणि तू श्वास गोळा करेपर्यंत मी सांगून टाकलं. तू उशीवरून माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता तरी काही बोलशील. माझ्याशी. त्या मुंबईबद्दल. तू हात वर केलास, डॉक्टरांना जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "माझी भाची. लई हुशार हाय." झालं. ते पण दुसऱ्यालाच सांगितलंस. मला तोंडावर कधी म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित त्या दिवशी तुला इटालियनमधे उत्तर दिलं असतं.

आणि एक गोष्ट तुला माहीत नव्हती. मी या वर्षी पुन्हा अर्ज केला होता. तुला न सांगता, आईला न सांगता. बोलावणं आलं तेव्हा तू खाटेवर होतास. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू सलाईनसकट बरोबर आला असतास. मग तू गेलास, आणि मुलाखतीचा दिवस तुझ्या बाराव्याच्या आधी आला. आईनं आकांत केला. सुतकात मुंबईला? ज्यानं वाढवलं त्याची राख अजून गार झाली नाही आणि ही निघाली? भावकी काय म्हणेल?

मामी भिंतीला टेकून बसली होती. तू गेल्यापासून ती धड बोलली नव्हती. ती म्हणाली, "जाऊ द्या तिला. ह्यांनी जन्मभर माझंबी बोलून घेतलं. डाक्टरनं मला इचारायचं, पोट दुखतंय का, आन् ह्यांनी सांगायचं, न्हाय दुखत. जा तू, शकू. एकली जा." आणि मग तिनं पदर तोंडावर घेतला आणि तुझ्यासाठी मोठ्यानं रडली. तू तिला दोन्ही दिलीस, मामा, हे दुखणं आणि ते रडणं. मी पिशवी भरली.

साहेब तेच होते. केस पांढरे झालेले. लिहून घ्यायला बाई दुसऱ्या. मी एकटीच आत गेले, एकच खुर्ची होती, तिच्यावर बसले. नाव विचारलं, सांगितलं. कुठून आलात, सांगितलं. पण मी सांगत होते ते पाढे म्हटल्यासारखं, एक एक शब्द, तुटक. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि मला कळलं की हे चाललेलं काही बरं नाही. तेवढ्यात साहेबांनी चष्मा वर केला. माझ्याकडं निरखून बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. तुम्ही कोल्हापूरच्या. तुमचे मामा, ते सैनिक, ते कुठं आहेत? बाहेर बसलेत का? बोलवा त्यांना आत.

मी गप्प झाले. सवयीनं. असा प्रश्न आला की तू बोलायचास. मी खाली बघून थांबले, आणि कुणीच काही बोललं नाही. भिंतीवरचा पंखा फिरत होता. बाई पेन धरून माझ्याकडं बघत होत्या. मग मी म्हटलं, "ए मोर्तो." ते गेले.

साहेब हळहळले. स्वभावानं भले आहेत ते. मला बरं वाटावं म्हणून असेल, ते म्हणाले, त्यांनी त्या वेळी सांगितलं होतं, तुम्ही फार लाजाळू आहात.

"नो," मी म्हटलं.

आणि मग मामा, मी सुटले. मी त्यांना सगळं सांगितलं. मी लाजाळू नाही आणि त्या दिवशीही नव्हते. माझ्या मामानं मला शिकवलं आणि मला बोलू दिलं नाही. माझं एक वाक्य मला पुरं करू दिलं नाही. माझं नाव मला सांगू दिलं नाही, इथं, या खोलीत, तुमच्यासमोर. तुम्ही मेणाबद्दल विचारलंत ते मला कळलं होतं, आणि मी केलंय मेणात काम, आणि कसं केलं तेही सांगते. तो मुली बघायला जायचा आणि त्यांच्या वतीनं बोलून यायचा. बायकोचं पोट दुखत नाही म्हणून डॉक्टरला सांगायचा. त्याला म्हशीशी बोलायला वेळ होता. तो हट्टी होता, बढाईखोर होता, सगळ्या गल्लीला त्यानं गप्प केलं होतं, माझ्यासाठीसुद्धा. हे सगळं इटालियनमधे. भूतकाळ, वर्तमानकाळ, इल, ला, एकेक शब्द आपल्या जागी येऊन बसत होता आणि मला मधे कुणी अडवत नव्हतं. बाई लिहायचं विसरल्या होत्या. मी दमून थांबले तेव्हा साहेब म्हणाले, भाषेची परीक्षा झाली, सिन्योरीना. आता कामाबद्दल बोलू.

बोललो. पुष्कळ बोललो. बाहेर सोडायला आलेल्या बाई हळूच म्हणाल्या, पासपोर्टच्या तयारीला लागा.

जिन्यापर्यंत गेले असेन, तर साहेब स्वतः दारात आले. त्यांनी विचारलं, त्या सैनिकाचं नाव काय होतं? त्या दिवशी ते इतकं बोलले, पण नाव सांगायचं राहिलं.

मी सांगितलं, मामा. तुझं, तुझ्या वडिलांचं, आडनाव, गाव, सगळं. जोडाक्षरं दाबून.